रानाचा हजेरीपट

एका शाळेची कल्पना करा. दहावीच्या वर्गात साठ मुले आहेत, नववीत चाळीस आहेत, आठवीत दहा आहेत आणि पहिलीपासून सातवीपर्यंतचे सगळे वर्ग रिकामे आहेत. शाळेवरून जाणाऱ्याला आजही घंटा ऐकू येते, मुलांचा गलबला ऐकू येतो. शाळा कशी छान चालली आहे, असेच तो म्हणेल. पण जो हजेरीपट उघडून पाहील त्याला कळेल की आणखी तीन वर्षांनी या शाळेला कुलूप लागणार आहे.

रानाचेही असेच असते. रान दाट आहे की विरळ, हिरवे आहे की वाळलेले, एवढे पाहून त्याच्या तब्येतीची खरी कल्पना येत नाही. त्यात कोणत्या वयाची किती झाडे आहेत, हे मोजावे लागते. याला शास्त्रज्ञ ‘वयोरचना’ म्हणतात. आपण सोयीसाठी रानाचा हजेरीपट म्हणू.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार हे बाजाराचे गाव आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना रान पाहायला फार लांब जावे लागत नाही. अकोला आणि वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य त्या भागातच आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ७४ चौरस किलोमीटर आहे. इथले रान कोरड्या पानझडी प्रकारचे असून त्यात साग पुष्कळ आहे. श्रावणात हे रान पाहिले तर डोळे निवतात. तेच चैत्रात पाहिले तर सागाची नुसती उघडी खोडे दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की सारे रानच मेले! दोन्ही वेळा झाडे तीच असतात. तेव्हा आपल्याला पानांपेक्षा भरवशाची खूण शोधली पाहिजे.

बांबूच्या कांबीवरची शिरगणती

झाडांची वर्गवार मोजदाद करण्याची युक्ती आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात वापरली गेली, तीही सागासाठीच. १८५६ साली डीट्रिच ब्रँडिस नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पेगू भागातील सागवनांची देखरेख आली. जहाजे बांधण्यासाठी सागाची तोड बेसुमार चालली होती. दरवर्षी किती झाडे तोडली तर रान टिकेल, हा प्रश्न होता. पण रानात झाडे किती आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हते, मग उत्तर देणार कोण?

ब्रँडिस हत्तीवर बसून रानातील वाटांनी फिरू लागला. हातात बांबूच्या कांबी आणि एक चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत साग दिसला की त्याच्या घेराचा अंदाज घ्यायचा आणि त्या वर्गाच्या कांबीवर एक खाच पाडायची. त्याने घेरावरून चार वर्ग केले होते. सहा फूट व त्याहून जास्त घेराची झाडे पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांची दुसऱ्या, दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्या, आणि त्याहून लहान ती चौथ्या वर्गात. पावसापाण्यात कागद भिजतो, बांबूवरची खाच पुसली जात नाही.

या खाचांवरून त्याने साधा हिशेब मांडला. दुसऱ्या वर्गातील झाडे पहिल्या वर्गात जायला जितकी वर्षे लागतात, तितक्या वर्षांत पहिल्या वर्गातील झाडे पुरवून वापरायची. म्हणजे वरून जेवढी झाडे जातील तेवढी खालून येत राहतील. पुढे १८६४ साली हाच ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

दोन राने, दोन हजेरीपट

आता समजा, आपण एक एक हेक्टराच्या दोन रानांत जाऊन सागाची झाडे मोजली. आकडे आपण उदाहरणासाठी कल्पनेने घेतले आहेत.

घेर ३० सें.मी.पर्यंत : रान ‘अ’ ३२०, रान ‘ब’ १२
घेर ३१ ते ६० सें.मी. : रान ‘अ’ १६०, रान ‘ब’ २०
घेर ६१ ते ९० सें.मी. : रान ‘अ’ ८०, रान ‘ब’ ४८
घेर ९१ ते १२० सें.मी. : रान ‘अ’ ४०, रान ‘ब’ ९०
घेर १२१ ते १५० सें.मी. : रान ‘अ’ २०, रान ‘ब’ ७०
घेर १५० सें.मी.हून अधिक : रान ‘अ’ १०, रान ‘ब’ ४०

एखाद्या पाहुण्याला या दोन रानांतून फिरवून आणले, तर ‘ब’ रान त्याला जास्त आवडेल. तिथे ९० सें.मी.हून जास्त घेराची दोनशे झाडे आहेत. ‘अ’ मध्ये ती सत्तरच आहेत. ‘अ’ रानात पाऊल टाकावे तर बारीक झाडांची नुसती दाटी.

पण आकडे पुन्हा वाचा. ‘अ’ रानात वरच्या वर्गात जाताना संख्या दर वेळी निम्मी होते. तीनशे वीस पोरांतून एकशे साठ पुढच्या पायरीवर पोचतात, त्यांतून ऐंशी, त्यांतून चाळीस. उरलेली कुठे गेली? ऊन, पाणी आणि जागा यांच्यासाठीच्या चढाओढीत ती मागे पडली आणि मेली. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. शाळेत प्रत्येक वर्गात सारखीच मुले असली तरी चालते, रानात मात्र पहिलीचा वर्ग तुडुंब भरलेला असावा लागतो. कारण तिथे बहुतेक जण ‘नापास’ होतात.

या आकड्यांचा आलेख काढलात तर डावीकडे उंच सुरू होऊन उजवीकडे झपाट्याने उतरत जाणारी वक्ररेषा मिळेल. इंग्रजी ‘जे’ हे अक्षर आरशात पाहिल्यासारखी ती दिसते, म्हणून तिला ‘उलटा जे’ म्हणतात. लिओकूर नावाच्या फ्रेंच वनाधिकाऱ्याने १८९८ साली दाखवून दिले की, मिश्र वयाच्या रानात लागोपाठच्या दोन वर्गांचे गुणोत्तर बहुधा सारखेच राहते. आपल्या ‘अ’ रानात ते २ आहे. तुमच्या गणिताच्या पुस्तकातील भूमिती श्रेढी ती हीच!

‘ब’ रानाचा आलेख मधे फुगलेला आणि डावीकडे खंगलेला येईल. आज तिथे १२ बारीक झाडे आहेत. काही वर्षांनी हा जवळजवळ रिकामा वर्ग एक पायरी वर सरकेल, मग आणखी एक. आजची मोठी झाडे म्हातारी होऊन पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला मागे कुणी नसेल. रिकामेपण सगळ्यांच्या डोळ्यांवर येईपर्यंत पन्नास-साठ वर्षे उलटलेली असतील. वयोरचनेचा उपयोग हा, की पुढे येणारी पोकळी ती आजच दाखवते.

घेर म्हणजे वय नव्हे

इथे एखादा चौकस विद्यार्थी हरकत घेईल: तुम्ही मोजला घेर आणि बोलता वयाविषयी, हे कसे? हरकत अगदी बरोबर आहे.

जाड झाड बहुधा जास्त वयाचे असते, पण नेहमीच नाही. ओढ्याकाठच्या खोल काळ्या मातीतला साग आणि मुरमाड टेकडीवरचा साग एकाच वर्षी रुजलेले असले तरी त्यांच्या घेरांत पुष्कळ फरक पडतो. मोठ्या झाडाच्या सावलीत सापडलेले झाड वर्षानुवर्षे बारीकच राहते. तोडलेल्या सागाच्या खुंटाला धुमारे फुटतात. त्यांना जुन्या मुळांचे आयते अन्न मिळत असल्यामुळे ते बीपासून आलेल्या रोपापेक्षा फार भराभर वाढतात. अशा झाडाचे वय खोडाचे धरायचे की मुळाचे?

सागाचे रोप तर आणखीच फसवे. पावसाळ्यात बी रुजते, दोन-चार पाने येतात. उन्हाळ्यात किंवा वणव्यात वरचा कोंब मरून जातो, पण जमिनीतले मूळ जिवंत राहते. पुढच्या पावसाळ्यात नवा कोंब फुटतो आणि तोही उन्हाळ्यात मरतो. असे अनेक वर्षे चालते. दरम्यान मूळ जाड होत जाते, त्यात अन्नाचा साठा होतो. मग एखाद्या चांगल्या वर्षी असा जोरकस कोंब निघतो की तो उन्हाळ्याला पुरून उरतो आणि झाड सरसर वर जाते. म्हणजे तुमच्या गुडघ्याएवढे दिसणारे रोप प्रत्यक्षात कित्येक वर्षांचे असू शकते.

मग खरे वय कळावे कसे? सागाच्या बाबतीत निसर्गाने आपली सोय केली आहे. उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांच्या लाकडात वार्षिक वलये स्पष्ट नसतात. साग याला अपवाद आहे. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेला साग पुन्हा वाढू लागला की सुरुवातीच्या लाकडात मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते. पुढे छिद्रे बारीक होत जातात. आणि नंतर वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ. कापलेल्या खुंटावरचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला की ही वलये साध्या भिंगाने दिसतात. जिवंत झाडातून पोकळ गिरमिटाने पेन्सिलीसारखी बारीक कांडी काढून त्यावरही वलये मोजता येतात.

वलयाची रुंदीही बोलकी असते. चांगल्या वर्षी ते रुंद होते, वाईट वर्षी अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर या शास्त्रज्ञांनी ठाणे भागातील सागाची वलये आणि तिथले हवामान यांचा संबंध तपासून १९८३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे सागाचे खोड ही झाडाची जन्मनोंद तर आहेच, शिवाय ती पावसापाण्याची रोजनिशीही आहे.

पण सबंध रानातली हजारो झाडे गिरमिटाने टोचणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून शास्त्रज्ञ थोड्या झाडांची वलये मोजतात, घेर आणि वय यांचे त्या रानापुरते कोष्टक बसवतात आणि बाकीच्यांचा घेर तेवढा मोजतात. मोजण्याची पद्धत सोपी, पण तिच्या मर्यादा लक्षात ठेवायच्या.

प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा

आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. आलेख ‘उलटा जे’ आला नाही म्हणजे रान आजारी, असे लगेच म्हणू नये.

युरोपातील पर्वतांवर बीच नावाच्या झाडाची मोठमोठी राने आहेत. कार्पेथियन पर्वतातील बीचच्या आदिम रानांना २००७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बीचचे रोप सावली सोसणारे असते. म्हाताऱ्या झाडांच्या दाट छायेत ते अनेक दशके तग धरून बसते आणि वरचे एखादे झाड पडून उजेड आला की वाढू लागते. त्यामुळे जुन्या बीचच्या रानात सर्व वयांची झाडे शेजारी शेजारी सापडतात.

आपला साग उलट्या स्वभावाचा आहे. त्याला डोक्यावर ऊन हवे. दाट सावलीत त्याची रोपे टिकत नाहीत. म्हणून सागाची नवी पिढी बऱ्याचदा लाटेसारखी येते. एखाद्या ठिकाणी मोकळीक झाली की पुष्कळ रोपे एकदम उठतात, मग मधे काही वर्षे कुणीच नाही. लावलेल्या सागवनात तर सगळी झाडे एकाच वयाची असतात. केरळात निलांबूर येथे १८४०च्या दशकात लावलेले सागवन त्याच काळाची झाडे घेऊन आजही उभे आहे. त्याच्या हजेरीपटात लहान वर्ग नाहीत, आणि नसणारच. तो एकच वर्ग असलेल्या शाळेचा हजेरीपट आहे.

म्हणून आलेख वाचताना दोन प्रश्न विचारावेत. हे झाड कोणत्या स्वभावाचे आहे? आणि आजूबाजूच्या सबंध परिसरात, इथे नसली तरी पलीकडे, त्याची पोरे उठत आहेत का?

आजारी झाड आणि आजारी रान

पावसाळा संपत आला की सागाची पाने तुम्ही जवळून पाहा. अनेक पानांची नुसती जाळी झालेली दिसते. शिरा शाबूत, मधला हिरवा भाग गडप. ही करामत युटेक्टोना मॅकेरॅलिस या पतंगाच्या अळीची. सबंध टेकडी करपल्यासारखी दिसते, पण पानगळ जवळ आलेली असल्यामुळे झाडे सहसा मरत नाहीत. दुसरा एक पतंग म्हणजे हिब्लिया प्युएरा. त्याच्या अळ्या पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पाने फस्त करतात. ते झाडाला जास्त महागात पडते. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागवनांत केलेल्या अभ्यासात, या अळीमुळे लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे १९८५ साली दिसून आले. झाड मेले नाही, पण मागे पडले. घेरावरून वय का सांगू नये, याचे हे आणखी एक कारण.

याउलट रानात एखादे पोकळ, वाकलेले, शेंडा वाळलेले जुने झाड दिसले तर ते रानाच्या आजाराचे लक्षण समजू नका. त्याच्या ढोलीत पोपट राहतात, घुबडे राहतात. निरोगी रानात थोडी म्हातारी झाडे असायचीच. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा अशाच जुन्या, उंच झाडांसाठी राखून ठेवलेला आहे. २०१४ साली तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला.

एक झाड आजारी पडणे आणि रान आजारी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानाचा आजार कळतो तो खालच्या वर्गात. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या पानझडी रानात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला. त्यातल्या एक सेंटिमीटर व त्याहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक दिला आणि त्यांची पुन्हा पुन्हा मोजणी केली. आपल्या वऱ्हाडातील साग, धावडा, ऐन ही झाडे तिथेही आहेत. दरवर्षीच्या नोंदींतून दिसले की मोठी झाडे फार थोडी मरतात. मरतात ती बारीक खोडे, वणव्यात आणि हत्तींच्या तोंडी. वारंग हे झाड हत्तींच्या विशेष आवडीचे, त्याची संख्या काही वर्षांत झपाट्याने उतरली. नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्याला या काळात रान होते तसेच वाटले असते.

मोहाची पोरे कुठे गेली?

मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत मोहाच्या झाडाला घरच्या माणसासारखा मान असतो. जंगल तोडून शेत केले तरी मोह ठेवतात. त्यामुळे बांधाबांधावर मोठाले मोह दिसतात. पण त्याच बांधावर मनगटाएवढा मोह शोधा. बऱ्याच ठिकाणी तो सापडत नाही.

कारणांची साखळी सोपी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले रात्री गळतात आणि पहाटे वेचली जातात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली आग लावून जमीन साफ करतात. त्या आगीत कोवळी रोपे जातात. पुढे पावसाच्या सुमारास फळे येतात, तेव्हा तेलासाठी बियाही गोळा होतात. राहिलेल्या बिया लवकर रुजल्या नाहीत तर मरतात, कारण मोहाचे बी फार काळ टिकत नाही. त्यातून रुजलेच तर नांगर आणि गुरे आहेतच. यात कुणी झाडाचा वैरी नाही. ज्या घराचा उन्हाळा मोहावर निघतो त्याला मोह हवाच आहे. पण झाड माणसापेक्षा जास्त जगते, म्हणून तोटा वेचणाऱ्याला दिसत नाही, त्याच्या नातवाला दिसतो.

उपायही साधे आहेत. आग लावण्याऐवजी खराट्याने झाडून घेणे, झाडाखाली जाळी पसरणे, थोडी फळे पडू देणे, आणि उगवलेल्या दोन-चार रोपांभोवती बाभळीच्या काट्यांची वई घालणे. हजेरीपटातला पहिलीचा वर्ग एवढ्यानेही भरू लागतो.

तुम्हीच करून पाहा

अभयारण्यात मोजणी करायला वनखात्याची परवानगी लागते. पण बांध, गायरान, गावठाण आणि शाळेचे आवार तुमचेच आहे. कडुलिंब आणि बाभूळ ही दोन झाडे निवडा. पाच-सहा जणांचा गट करून शिक्षकांबरोबर जा. रहदारीचा रस्ता मात्र टाळा.

१. शिंप्याकडची मापाची पट्टी किंवा न ताणणारी सुतळी घ्या. सुतळीवर दर १० सें.मी.ला शाईची खूण करा.

२. एका काठीवर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खूण करा. आपल्याकडे वनखाते याच उंचीवर घेर मोजते. प्रत्येक झाडाला काठी लावून त्या खुणेशी घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो.

३. १.३७ मीटरपेक्षा बुटकी रोपे वेगळी मोजा. रोप शोधायला खाली वाका, झुडपांच्या आत पाहा. उभ्याने मोजणाऱ्याच्या वहीत रोपे नेहमीच कमी भरतात.

४. झाडाचे नाव, घेर, आणि तब्येत लिहा: शेंडा हिरवा की वाळलेला, बांडगूळ आहे का, बुंध्याशी जळाल्याची किंवा कुऱ्हाडीची खूण आहे का.

५. ३० सें.मी.च्या पायऱ्या करून दोन्ही झाडांचे वेगवेगळे आलेख काढा.

आता आलेख समोर ठेवून कारणे शोधा. लिंबोळ्या पक्षी खातात आणि बिया टाकतात. मग कडुलिंबाची रोपे पक्षी बसतात त्या झाडांखाली जास्त आहेत का? बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात. मग शेळ्या बसतात त्या जागी बाभळीची रोपे दिसतात का? रोपे पुष्कळ पण मनगटाएवढी झाडे नाहीत, असे आढळले तर ती मधेच कोण नेते: आग, गुरे, नांगर की सरपण? गावातील वडीलधाऱ्यांना विचारा, बांधावरचे कोणते झाड त्यांच्या लहानपणापासून आहे आणि कोणते त्यांच्या देखत उगवले. आलेखातले काही वर्ग त्यांच्या आठवणींतून भरून निघतील.

वही शाळेत जपून ठेवा आणि तिच्यावर वर्ष लिहा. एका मोजणीतून रानाचा एकच क्षण कळतो. पाच वर्षांनी तुमच्या जागी बसलेली मुले त्याच बांधांवर, त्याच खुणेवर पुन्हा सुतळी लावतील, तेव्हा कोणता वर्ग भरतो आहे आणि कोणता ओस पडतो आहे हे त्यांना कळेल. तुमचे आकडे नीट, खरे आणि वाचता येतील असे लिहिलेले असले, म्हणजे झाले.